आधी खोली, मग जाहिरात

विदेशी विद्यार्थी गोव्यात यावेत म्हणून परदेशात जाऊन जाहिरात करा, असं एका लेखात सुचवलंय. जरूर करा. पण आलेली मुलं राहणार कुठे? आमचं घर पणजीजवळ ताळगावात. दोन वर्षांमागे आफ्रिकेतला एक विद्यार्थी खोली शोधत दारात आला. त्याआधी सात-आठ घरांनी त्याला परत पाठवलं होतं. कुणाला पर्यटकांकडून मिळतं तेवढं भाडं हवं होतं, कुणाला विदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करायच्या सी-फॉर्मची धास्ती. खरं तर विदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, एवढंच ते काम. काहींनी मात्र रंग बघूनच दार लावलं. हे लिहिताना मला लाज वाटते. तो आमच्याकडे दीड वर्ष राहिला. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायलाही मदतीला होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये विदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत जादा जागांची मुभा दिली. वर्गात जागा झाली, वसतिगृहाचं काय?

यायला कारणं भरपूर आहेत. सागरविज्ञान शिकणाऱ्याला दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा अभ्यास. आणि पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिकलेले आपलेच डॉक्टर नोकरीला आफ्रिकेत, मोझांबिक, अंगोलात जात होते. तिथल्या मुलाला आपण खोली नाकारतो!

विद्यापीठाने तयार असलेल्या घरमालकांची यादी करावी, फॉर्म भरायला एक माणूस द्यावा. माझी खोली त्या यादीत पहिली घाला.