गहाळ नव्हे, चोरी

गेल्या दिवाळीत गावी आलो होतो, तेव्हा एसटी स्टँडवर आईच्या पर्समधून मोबाइल गेला. पर्सला ब्लेड मारलेलं सरळ दिसत होतं. पोलीस ठाण्यातले अंमलदार अगदी आपुलकीने म्हणाले, "मावशी, गहाळ लिहून द्या. सिमकार्डाला दाखला पुरतो. चोरी लिहिलीत तर कोर्टाच्या खेपा कोण घालणार?" आईने सही केली. सरकारदरबारी त्या दिवशी स्टँडवर चोरी झालीच नाही.

म्हणून एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, अहवाल आला की चालणारी वादावादी इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून ऐकताना माझा जीव तुटतो. आकडा वाढला की विरोधक राजीनामा मागतात, घटला की सरकार पाठ थोपटून घेतं. नोंदवलेला गुन्हा म्हणजेच घडलेला गुन्हा, असं दोघंही धरून चालतात. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची तक्रार आली की एफआयआर घेतलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलंय. पण आकडा वाढला म्हणून क्राइम मीटिंगमध्ये ज्याची खरडपट्टी निघते, तो ठाणेदार गुन्हे मोकळेपणाने नोंदवेल कशाला?

इथले पोलीसही धुतल्या तांदळासारखे नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी साधारण 19 टक्के पोलीस नोंदवतच नाहीत, असं 2014 च्या सरकारी तपासणीत निघालं. त्याच वर्षी पोलिसांच्या आकड्यांचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जा काढून घेतला गेला. तो काढता आला, कारण ताडून पाहायला दुसरा हिशेब होता. 1982 पासून इथे लोकांच्या घरी जाऊन विचारतात: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडलं? पोलिसांना सांगितलंत का? नसेल तर का नाही?

या पाहणीसाठी आमच्या घरातून बायकोची निवड झाली होती. घरातल्या मारहाणीचे प्रश्न आले तेव्हा विचारायला आलेल्या बाईंनी टॅब्लेट तिच्या हातात दिला. उत्तरं तिनेच भरली, बाईंनी पाहिलीही नाहीत.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2019-21 मध्ये बायकांना घरी जाऊनच विचारलं गेलं. हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. महाराष्ट्राने चोरी, फसवणूक, छेडछाड यांबद्दलही दरवर्षी असंच विचारावं, आणि ते काम पोलीस खात्याकडे मुळीच देऊ नये.

आईने ती पर्स अजून टाकलेली नाही. कुणी विचारायला आलं, तर ती काढून दाखवेल.