जबाबदारी कोणाच्या नावावर?

ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला नेहमीच्या शाळेत बसवायचे असेल तर त्याच्या शेजारी दिवसभर बसणारी 'शॅडो टीचर' पालकांनी स्वखर्चाने आणावी, अशी अट मुंबई-पुण्यातील काही खासगी शाळा घालतात, आणि ती रास्त की अन्यायाची यावर आपल्याकडे सतत वाद झडत असतो. शाळा म्हणते, वर्गात चाळीस-पन्नास मुले असताना बाईंनी एकाकडेच किती पाहायचे? पालक म्हणतात, फी आम्ही भरायची आणि वर एका माणसाचा पगारही आम्हीच द्यायचा, तर मग शाळेने केले काय? या वादात केव्हा तरी कोणी तरी म्हणतेच की, 'परदेशात बघा, तिकडे सगळे सरकार करते.' मी इंग्लंडमधील रेडिंग शहरात एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते. त्यामुळे या वाक्यात खरे किती आणि ऐकीव किती हे सांगावेसे वाटते, कारण परदेशाचा दाखला देताना आपण बहुधा नको ती गोष्ट उचलतो आणि हवी ती तिथेच ठेवतो.

इथली मुख्य गोष्ट म्हणजे एक कागद. २०१४ च्या बालक व कुटुंब कायद्यानुसार, ज्या मुलाला शाळेच्या नेहमीच्या मदतीपलीकडे काही लागते त्याच्यासाठी स्थानिक कौन्सिल 'शिक्षण, आरोग्य व देखभाल योजना' तयार करते. तिच्यात मुलाची अडचण काय, त्याला काय जमते, आणि त्याला कोणती मदत, आठवड्यातून किती वेळ, कोणत्या प्रशिक्षणाच्या माणसाकडून मिळायची, हे लिहिलेले असते. एकदा ते लिहिले गेले की त्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे शैक्षणिक मदत पुरवणे हे कौन्सिलचे बंधनकारक कर्तव्य ठरते. पैसे नाहीत, माणूस मिळत नाही, ही सबब तिथे चालत नाही. अर्ज केल्यापासून वीस आठवड्यांत योजना हाती पडली पाहिजे, गरज असेल तर ती वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते, आणि कौन्सिलने नकार दिला किंवा मोघम लिहिले तर पालकांना न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. ही मदत निदानावर नव्हे तर गरजेवर ठरते, म्हणजे डॉक्टरांचा शिक्का उमटलेला नसला तरी मूल अडखळते आहे हे दिसताच शाळेने हालचाल सुरू करावी, अशी अपेक्षा असते. प्रत्येक नेहमीच्या सरकारी शाळेत या कामासाठी 'सेन्को' म्हणून एक शिक्षक नेमलेला असतो, त्यामुळे पालकांनी कोणाला गाठायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटतो.

आता ऐकीव भागाकडे वळू. वीस आठवड्यांची मुदत पाळली जाण्याचे प्रमाण अलीकडे निम्म्याच्या आसपास घुटमळते आहे. निदानासाठी कित्येक भागांत वर्षानुवर्षे थांबावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना असलेल्या मुला-तरुणांची संख्या सहा लाख अडतीस हजारांवर गेली होती, म्हणजे दहा वर्षांत ती अडीचपटीहून अधिक वाढली, आणि ज्यांच्याकडे ही योजना आहे त्या विद्यार्थ्यांमध्ये ऑटिझम हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. या खर्चापायी अनेक कौन्सिलांवर तुटीचा डोंगर उभा राहिला आहे आणि ही व्यवस्था बदलण्याची चर्चा जोरात आहे. न्यायाधिकरणापुढे निकालापर्यंत गेलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा पालकांच्या बाजूने निर्णय लागतो, हे ऐकायला सुखद असले तरी त्याचा अर्थ असा की जे मिळायला हवे होते ते आधी नाकारले गेले होते. शिवाय तिथपर्यंत पोहोचतो कोण? ज्याला इंग्रजीत चार पानी पत्र लिहिता येते, तज्ज्ञाचा अहवाल विकत घेता येतो आणि कामावरून रजा मिळते, तो. माझ्या शाळेत येणाऱ्या, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या आयांपैकी किती जणींना अपील नावाची वाट आहे हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंकाच आहे.

आणि हे जे काही आहे ते इंग्रजांच्या उपजत उदारपणातून आलेले नाही. एप्रिल १९७१ पर्यंत इंग्लंडमध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना 'शिकवण्यास अपात्र' ठरवून शिक्षण खात्याच्या बाहेर ठेवले जात असे, आणि त्यांत कित्येक ऑटिस्टिक मुलेही होती. १९६२ मध्ये लंडनमध्ये काही पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली, १९६५ मध्ये ईलिंग भागात स्वतःची शाळा सुरू केली, आणि मग सरकार हळूहळू जागे झाले. आपल्याकडेही मुंबई-पुण्यातील अनेक केंद्रे आणि आधारगट पालकांनीच, त्यातही बहुतेक ठिकाणी आयांनी, उभे केले आहेत. त्यामुळे आपण मागासलेले आणि ते पुढारलेले अशी मांडणी मला पटत नाही. फरक इतकाच की त्यांच्या पालकांनी लढून मिळवलेले कोणाच्या तरी नावावर चढले आणि आपल्याकडचे बरेचसे अजून हवेत आहे.

हवेत आहे म्हणजे काय, ते आपला कायदा उघडून पाहिले की कळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचे कलम १६ सांगते की सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात. या कलमाला चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट नाही. ती मोफत शिक्षणाच्या कलम ३१ साठी आहे. तरीही प्रवेशाच्या वेळी शाळा आधी प्रमाणपत्र मागते आणि पालकही ते नाही म्हणून ओशाळतात. मात्र याच कलम १६ ची सुरुवात सरकार यासाठी 'प्रयत्न करील' अशी आहे. प्रयत्न झाला की नाही हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्यास केंद्र सरकारला सांगितले, आणि २०२२ मध्ये ते प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक असे ठरले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केंद्रनिहाय एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. हे पाऊल स्वागतार्हच आहे, पण एका केंद्रात दहा-बारा किंवा त्याहून अधिक शाळा येतात, आणि विशेष शिक्षक मंगळवारी एका गावात असेल तर उरलेले दिवस दुसऱ्या गावातल्या मुलाला त्याच्या वर्गशिक्षिकेच्याच भरवशावर राहावे लागणार. म्हणून माझे मत असे की खरा प्रश्न विशेष शिक्षक किती हा नसून वर्गशिक्षिकेने रोज काय करायचे हे लिहून कोणी दिले, हा आहे.

कारण रोज जे करायचे असते ते बहुतेक वेळा स्वस्त असते. आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. तो घंटेच्या दहा मिनिटे आधी बाजूच्या दाराने येतो, कारण मुख्य दारातली रेटारेटी त्याला सोसत नाही. दप्तर अडकवायची त्याची खुंटी रांगेत सर्वांत शेवटची आहे, म्हणजे एकाच बाजूने धक्का लागू शकतो. त्याच्या बाकावर दिवसभराच्या तासांच्या चित्रांची एक पट्टी चिकटवलेली असते आणि तास संपला की तो ते चित्र स्वतः काढून डबीत टाकतो. एखाद्या दिवशी सभागृह रिकामे नसल्याने खेळाचा तास रद्द होणार असेल, तर ते चित्र सकाळीच बदलायचे आणि त्याला दाखवायचे, हे माझे काम. हे विसरले गेले तर दुपारी जे होते त्याला बाहेरचा माणूस हट्ट म्हणेल. स्वच्छतागृहातले हात वाळवायचे यंत्र त्याच्यासाठी बंद करून कागदी रुमाल ठेवले आहेत. या सगळ्याला मिळून किती खर्च आला असेल? मात्र हे सगळे त्याच्या योजनेत लिहिलेले आहे, आणि म्हणून मी रजेवर गेले तरी बदली बाईंना ते करावेच लागते. शॅडो टीचरने होते ते बरोबर याच्या उलट. मुलाची सगळी ओळख त्या एका व्यक्तीत साठते, वर्गशिक्षिका त्याच्याकडे पाहायचेच सोडते, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की मूल पुन्हा जूनमधल्या पहिल्या दिवसावर येते.

घराच्या बाबतीत मात्र इंग्लंडने आपल्याला शिकवावे असे फार थोडे आहे. नाशिकला माझ्या मावसबहिणीच्या घरी तिच्या सासूबाई कुकर लावला की नातवाला आधी सांगतात, 'बाळा, आता तीन शिट्ट्या होणार हं,' आणि तो कानांवर हात ठेवून दारात जाऊन उभा राहतो, शिट्ट्या मोजतो आणि परत येतो. त्यांनी कुठलेही प्रशिक्षण घेतलेले नाही. होणारी गोष्ट आधी सांगावी आणि निसटायला जागा ठेवावी, हे इथल्या प्रशिक्षणवर्गांतही प्रामुख्याने शिकवले जाते. त्याच घरातले इतर नातेवाईक मात्र 'मुलगे उशिराच बोलतात' इथपासून 'मोबाईलमुळे झाले' इथपर्यंत सगळे सांगून झाल्यावर आता बरे करणाऱ्या उपचारांच्या जाहिराती पाठवत असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे २०२२ मध्येच सांगितले आहे, पण ती बातमी जाहिरातीइतकी पसरत नाही. ऑटिझम हा बरा करायचा आजार नाही हे ज्या आजीला बोलून दाखवता येणार नाही, ती ते वागून दाखवते, आणि ज्यांना बोलता येते ते लाखो रुपये घालवतात, असे चित्र मला अनेक घरांत दिसते.

थेरपीच्या उद्दिष्टांबद्दलही एक सांगायला हवे. आपल्याकडच्या अनेक अहवालांत अजून 'नजरेला नजर देतो' आणि 'हात फडफडवणे कमी झाले' या प्रगतीच्या खुणा मानल्या जातात. इथे प्रौढ ऑटिस्टिक माणसे स्वतः लिहू-बोलू लागल्यापासून या खुणांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे, कारण डोळ्यांत पाहणे अनेकांना नकोसे होते आणि हात फडफडवल्याने जीव थाऱ्यावर येतो. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की समजून घेण्यातली अडचण दुतर्फा असते; त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मग सगळा सराव एकाच बाजूने का करावा? तोंडाने न बोलणाऱ्या मुलाला बोट दाखवून सांगता येतील अशी चित्रे देण्याऐवजी त्याला खुर्चीत स्थिर बसायला शिकवण्यात वर्ष घालवणे मला अजिबात पटत नाही.

परदेशातल्या मराठी घरांपुढे आणखी एक पेच असतो. मूल बोलत नाही म्हटल्यावर घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, असा सल्ला अजूनही मिळतो. उपलब्ध संशोधनातून दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाच्या भाषेचे नुकसान होते असे दिसत नाही. उलट आईच्या तोंडची सहज भाषा बंद झाली आणि सुट्टीत आलेल्या आजोबांना नातवाशी काय बोलावे कळेना, तर ज्या मुलाची माणसे आधीच मोजकी आहेत त्याची आणखी दोन कमी होतात.

तेव्हा शॅडो टीचरच्या वादात माझी बाजू पालकांची आहे, पण पालकांनी मागायचे काय याबद्दल माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. इंग्लंडसारखा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जूनमध्ये शाळा उघडताना मुलाबद्दल एक पान मराठीत किंवा शाळेच्या भाषेत लिहून न्यावे. त्यात त्याला कशाचा त्रास होतो, तो अस्वस्थ झाला हे कशावरून कळते, त्या वेळी काय करावे आणि काय मुळीच करू नये, एवढे असावे. त्याखाली वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि केंद्राचे विशेष शिक्षक यांनी आपापल्या नावापुढे आपण काय करणार ते एकेका ओळीत लिहून सही करावी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच पान समोर ठेवून पुन्हा बसावे. त्या बैठकीत सोबतीच्या शिक्षिकेचा विषय निघाला, तर ती का हवी, किती महिन्यांसाठी हवी आणि तिचा पगार पालकांनी कोणत्या नियमाखाली द्यायचा, याचे उत्तर शाळेकडे लेखी मागावे.