बाबा, तुझं मेनच चुकलंय

मुलीला पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे असं कळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात्तिच्या, सी होय, ये इकडे, मी दाखवतो." पुढचे तीन रविवार ह्या एका वाक्यात गेले.

माझं म्हणणं एवढंच होतं की आपण बावीस वर्षांपूर्वी हे सगळं केलंय, निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं बडवत, त्यामुळे हात बसलेला असणार. मी मोठ्या झोकात व्हॉइड मेन लिहिलं (मेन म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन, म्हणजे एका कामाचा तुकडा; व्हॉइड म्हणजे ते काही उत्तर परत देत नाही, इंट म्हणजे पूर्ण आकडा देतं), खाली क्लिअर स्क्रीनचं फंक्शन टाकलं. ती म्हणाली, हे कशाला? म्हणलं, स्क्रीन पुसायला. तर म्हणे, घाण झालीये का? आणि कंपायलरनेही, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणाऱ्या प्रोग्रॅमनेही, तेच विचारलं जवळपास, त्याला ते फंक्शन माहीतच नव्हतं. वर मेन इंट असतं, व्हॉइड नसतं, हे तिने मला ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात मी तिला लहानपणी चप्पल उलटी घातलीस म्हणून सांगायचो.

मग फॅक्टोरिअल, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. स्वतःलाच बोलावणारं फंक्शन, रिकर्शन, हा माझा आवडता प्रकार. पाचचं एकशेवीस आलं, मी कॉलर ताठ केली. तिने तेरा टाकले. उत्तर आलं १९३२०५३५०४. मी म्हणलं बघ, केवढा आकडा! ती बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, शेवटी चार कसा? दोन आणि पाच दोन्ही गुणलेत ना यात, मग शेवटी शून्य नको?" आता हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. अर्धा तास मी रिकर्शनला शिव्या घातल्या, लूप लावून, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं, तेच उत्तर. शेवटी लक्षात आलं की इंटच्या डब्यात मावतात २,१४,७४,८३,६४७ पर्यंत आणि तेराचं फॅक्टोरिअल आहे ६,२२,७०,२०,८००, म्हणजे उतू गेलं आणि भांड्यात जे उरलं ते त्याने उत्तर म्हणून वाढलं. आमच्या वेळी इंट सोळा बिटचा होता, ३२,७६७ ला संपायचा, त्यामुळे आठच्या फॅक्टोरिअललाच उणे २५,२१६ यायचं. आम्ही आठवर आपटायचो, हे तेरावर आपटतात.

ॲरेवर, म्हणजे ओळीने मांडलेल्या आकड्यांच्या घरांवर, फार वेळ गेला नाही. पहिलं घर शून्य नंबरचं का, तर तो नंबर म्हणजे सुरुवातीपासून किती घरं चालायची ते, आणि पहिल्या घरात आपण उभेच असतो. हे मला नीट सांगता आलं, म्हणून मुद्दाम इथे नोंदवतोय. पण पाच घरांच्या ॲरेत मी सहाव्या घरात आकडा ठेवला तरी कोणी हटकलं नाही! १९७२ च्या आसपास बेल लॅब्समध्ये डेनिस रिचीने ही भाषा केली ती आपण काय करतोय हे कळणाऱ्या माणसांसाठी, त्यामुळे ती तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकते. माझ्यावर एवढा विश्वास घरात कोणी टाकत नाही.

खरी वाट लागली स्वॅपमध्ये. दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहा, बास, एवढाच प्रश्न. मी ए, बी आणि टेम्प घेऊन तीन ओळीत उडवला. फंक्शनच्या आत प्रिंट केलं तर अदलाबदल झालेली, बाहेर मेनमध्ये येऊन बघावं तर दोघं आपापल्या जागी, जसं काही झालंच नाही. कारण सी फंक्शनला मूळ कागद देतच नाही, झेरॉक्स देतं, आणि मी मन लावून झेरॉक्सवर खाडाखोड करत होतो. म्हणजे आता आकड्याच्या जागेचा पत्ता पाठवायचा, पॉइंटर, आणि त्याची खूण म्हणजे स्टार. (पत्त्याचीही झेरॉक्सच जाते, पण झेरॉक्सवरचा पत्ता घेऊन गेलं तरी घर तेच सापडतं.) इथून पुढे माझी पद्धत अशी होती की देवाला फुलं वाहावीत तसे स्टार वाहत जायचे, कंपायलर प्रसन्न होईपर्यंत. झाला प्रसन्न. रन केलं तर सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड, म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीत हात घातला आणि तिथेच मेला.

"कोअर म्हणजे?" तिने विचारलं. म्हणलं, पूर्वी मेमरी म्हणजे बारीक बारीक चुंबकी कड्या असायच्या, त्यांना कोअर म्हणायचे, त्या कड्या कधीच गेल्या, माणूस गेला तरी दारावर पाटी राहते तसं नाव राहिलंय. एवढी छान माहिती दिली तरी तिचं लक्ष माझ्या टेम्पकडे. मी भक्तीच्या भरात त्यालाही स्टार लावला होता. म्हणजे तात्पुरतं ठेवायला डबा हवा होता तर डबा आणलाच नाही, नुसती डब्याच्या पत्त्याची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर पत्ता कुठला हे देवालाही माहीत नाही. तिने टेम्पचे स्टार खोडले. चाललं.

तिसऱ्या रविवारी लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक जण फक्त पुढच्याचा पत्ता धरून असतो अशी साखळी, उलटी करायची होती. कागदावर बाण काढून काढून डोकं फुटायची वेळ आली तेव्हा मी म्हणलं, माणसं उभी करू. मी, माझ्यामागे बायको, मग धाकटा, शेवटी आबा, प्रत्येकाचा हात मागच्याच्या खांद्यावर. आबांना सांगितलं तुमचा हात कोणावरच नाही, तुम्ही नल, म्हणजे पुढे कोणीच नाही. ते म्हणाले, ते मला रिटायर झाल्यापासून माहितीये.

कन्या म्हणाली, "बाबा, हात काढ." मी काढला. आणि संपलं, कारण हेडकडून, म्हणजे साखळीच्या तोंडाकडून, फक्त मी दिसत होतो, मागचे तिघं जगाला हरवले. हात काढायच्या आधी मागे कोण आहे ते लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून परत सगळे उभे. ह्यावेळी तिने नेक्स्ट, म्हणजे मागचा कोण ते, लिहून ठेवला, बायकोने वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग धाकट्याने आबांना सोडून तिच्या खांद्यावर ठेवला, एवढ्यात "माझी मीटिंग आहे" म्हणून ही निघून गेली, आणि धाकटा हवेत हात धरून तसाच. "हा बघ डँगलिंग पॉइंटर, पत्ता आहे पण तिथे कोणी नाही!" कन्या किंचाळली आणि तिला काय उमगलं माहीत नाही, पळत लॅपटॉपकडे गेली, मागे मी, मागे धाकटा. पंधरा मिनिटांत स्क्रीनवर चार, तीन, दोन, एक आलं. मी तर नाचलोच.

बऱ्याच वेळाने बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अरे, मी बसू का आता?"

कन्येने माझ्याकडे बघितलं. "बाबा, फ्री करायचं राहिलं."