उसनं हसू, उसनं अवसान

गेल्या महिन्यात वहिनींनी घरच्या ग्रुपवर लिहिलं की रात्र-रात्र झोप लागत नाही, कशात मन रमत नाही. तासाभरात त्याखाली आत्याचा एक मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. शब्द थोडे फिरतात, दावे तेच: खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक मेंदूला कळत नाही. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभे राहा, हार्मोन्स बदलतात. आरशात बघून ‘मी आनंदी आहे’ म्हणा, व्हालच. हसायला 17 स्नायू लागतात, आठ्या घालायला 43. आणि शेवटी, आनंदी राहणं हा तुमचाच निर्णय आहे. 10 जणांना पाठवा.

वहिनींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुन्हा काही लिहिलं नाही. म्हणून हा खटाटोप.

स्नायूंचं आधी उरकते. हे आकडे मेसेजगणिक बदलतात. आणि कमी स्नायू वापरल्याने माणूस सुखी होत असेल, तर रविवारी जेवून आडवे झालेले आमचे काका जगातले सर्वात सुखी गृहस्थ ठरतील. (तसे ते आहेतही, पण त्याचं कारण श्रीखंड.)

आता मेंदूला फरक न कळण्याबद्दल. 1862 साली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचे स्नायू अभ्यासले. ओठांचे कोपरे मनात आलं की वर ओढता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा खऱ्या आनंदातच आकसतो, असं त्याने नोंदवलं. पुढे दिसून आलं की काहींना डोळेही मुद्दाम हसवता येतात. तरी लग्नाच्या फोटोत कोण मनापासून हसतंय आणि कोण फोटोग्राफरच्या हुकमाने, हे आपण एरवी ओळखतोच की. ते ओळखणारा मेंदूच असतो.

खोटं हसूनही बरं वाटतं हा दावा हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. 1988 साली जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेन दातांत धरून व्यंगचित्रं बघायला लावली. तसं केलं की तोंड आपसूक हसरं होतं, आणि त्या लोकांना चित्रं अधिक मजेशीर वाटली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तेव्हा फरक जवळपास शून्य निघाला. 2019 मध्ये स्ट्रॅकना गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं, पेनमुळे माणूस हसतो आणि आनंदी होतो हे शोधल्याबद्दल, आणि मग तसं होत नाही हेही शोधल्याबद्दल! पण गोष्ट तिथे संपली नाही. 2022 मध्ये 19 देशांतल्या 3,878 लोकांवरचा मोठा अभ्यास आला. पेनबद्दल ठाम काही हाती लागलं नाही, मात्र हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर लोकांना किंचित बरं वाटलं. किंचितच, आणि त्या क्षणापुरतं. महिनाभर झोप नसलेल्या बाईचं काय होईल, हे त्यात कुणी तपासलंच नव्हतं.

‘मग हास्यक्लबांचं काय?’ असं आत्या लगेच विचारेल. हास्यक्लब आपल्याच मुंबईतला. 13 मार्च 1995 ला डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे, विनोद संपले तेव्हा विनोदाशिवायच हसू लागले. तिथून लोक ताजेतवाने होऊन येतात हे मी रोज पाहते. पण पहाटे उठणं, मोकळी हवा, दीर्घ श्वास, ओळखीची माणसं आणि नंतरचा टपरीवरचा चहा, एवढं सगळं वजा करून खोट्या हसण्याच्या खात्यात किती उरतं?

छाती काढून उभं राहण्याची कथा 2010 मधली. अमेरिकेत 42 जणांवर प्रयोग झाला. ऐटीत बसल्या-उभ्या राहिलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढलं आणि तणावाशी जोडलेलं कॉर्टिसॉल घटलं, असा निष्कर्ष निघाला. 2012 मध्ये त्या प्रयोगातल्या एक संशोधक एमी कडी यांच्या भाषणाने तो जगभर पोचला. 2015 मध्ये 200 लोकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा हार्मोन्स जागची हलली नाहीत. 2016 मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असं आपण मानत नाही, असं जाहीर लिहिलं. मेसेज लिहिणाऱ्यांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही. उरलं ते इतकंच, की ताठ उभ्या माणसाला थोडं बळ आल्यासारखं वाटतं. त्यातही बरेच प्रयोग ताठ आणि आखडून बसलेल्यांची तुलना करणारे, त्यामुळे ताठ राहण्याने फायदा होतो की आखडून बसण्याने तोटा, हे सांगणं कठीण. ‘पोक काढून बसू नकोस’ असं आजी हार्मोन्सचं नाव न घेता सांगायची. इंटरव्ह्यूच्या आधी तेवढं उसनं अवसान जरूर आणावं.

आरशाचा सल्ला मात्र मला खरोखर खटकतो. 2009 मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असणाऱ्यांना जरा बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटलं. म्हणजे औषध लागू पडतं ते आजारी नसलेल्यालाच.

आणि निर्णय? खोटं हसणं आनंद देत असतं, तर दिवसभर हसण्याचा पगार घेणारे सर्वात आनंदी असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शील्ड यांनी 1983 मध्ये हवाईसुंदरींच्या कामाबद्दल नेमकं हेच लिहिलं: आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हे सांभाळणं ही मजुरी आहे आणि ती माणसाला थकवते. रिसेप्शनवर बसणाऱ्या कुणालाही विचारा.

या सगळ्या दाव्यांमागचं सूत्र एकच, ‘आधी करा, मग वाटेल’. त्यातलं ‘करा’ मात्र मला मान्य आहे. फक्त करायचं ते नाटक नव्हे. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक साधा उपचार तपासला. निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी. मन लागत नसलं तरी झेपेल असं एखादं काम ठरवायचं, सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा धरायच्या, अडचणींवर बसून बोलायचं. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 39 टक्के. दुःख लपवा असं तिथे कुणी सांगत नव्हतं. उलट त्याची नीट चौकशी करूनच सुरुवात व्हायची.

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं नाही, एवढं कोण वाचणार? वहिनींना फोन केला. आधी त्या ‘बरी आहे गं’ म्हणाल्या, मग बराच वेळ बोलल्या. मानसिक त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर 14416, मराठीतही बोलता येतं. तो त्यांना दिला. शनिवारी डॉक्टरांकडे मी बरोबर जाणार आहे. आत्याने काल तोच मेसेज पुन्हा पाठवलाय, या वेळी सूर्यफुलाच्या चित्रासह.