कार्ड बँकेचे, यंत्रणा बँकेची, मग जोखीम एकट्या ग्राहकाची का?

क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाल्याची तक्रार घेऊन आपण बँकेकडे गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही ओटीपी कोणाला सांगितला होता का?" हा प्रश्न विचारायलाच हवा, त्याबद्दल माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती चौकशी बहुतेक वेळा तिथेच संपते याला. ज्या दुकानात आपण कार्ड वापरले होते त्याची यंत्रणा कशी होती, नेहमीच्या सवयीशी अजिबात न जुळणारा व्यवहार बँकेच्या संगणकाला का खटकला नाही, पैसे ज्या खात्यात पोचले ते खाते कोणत्या बँकेने कोणती कागदपत्रे पाहून उघडले, हे प्रश्न ग्राहकाला विचारता येत नाहीत आणि बँक स्वतःहून त्यांची उत्तरे देत नाही. वैयक्तिक बँकिंगची सेवा कशी आहे हे मी व्याजदरावरून किंवा रिवॉर्ड पॉइंटवरून ठरवत नाही. गैरवापर झाल्यानंतरच्या पहिल्या तासात बँक कशी वागते, यावरून ठरवतो. आणि बँकांचे ते वागणे सुधारायचे असेल, तर नुकसानीचा भार कोणावर पडतो हे आधी बदलावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात कार्डाची रचनाच अशी आहे की ग्राहकाने कितीही काळजी घेतली तरी त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. कार्डावरचा क्रमांक गुप्त राहावा अशी अपेक्षा असते, पण तो वापरायचा म्हणजे कोणाला तरी सांगायचाच असतो. त्या क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे कार्ड कोणत्या बँकेचे आहे हे सांगतात. शेवटचा आकडा आधीच्या सर्व आकड्यांवरून एका सोप्या गणिताने काढलेला असतो. हे गणित आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी बसवले आणि त्याचे पेटंट त्यांना १९६० साली मिळाले. आकडे लिहिताना किंवा टंकताना झालेली चूक पकडणे एवढाच त्याचा उद्देश होता, चोर पकडणे हा नव्हता. त्यामुळे वरवर वैध दिसणारे क्रमांक संगणकाने हजारोंनी तयार करून, त्यांपैकी कोणते चालतात हे अगदी क्षुल्लक रकमेच्या व्यवहारांनी तपासून पाहणे गुन्हेगारांना शक्य होते. आपल्या स्टेटमेंटमध्ये अनोळखी नावापुढे नगण्य रक्कम दिसली, तर ती किरकोळ आहे म्हणून सोडून देऊ नये, ते याच कारणाने. मोठी चोरी होण्यापूर्वीची ती चाचणी असू शकते. ही चाचणी ज्या ग्राहकाच्या कार्डावर झाली, त्याने कोणालाही काहीही सांगितलेले नसते.

कार्डामागच्या चुंबकीय पट्टीचेही तसेच. तिच्यावरची माहिती प्रत्येक वेळी तीच असते, म्हणून एकदा नक्कल झाली की नकली कार्डही अस्सल ठरते. चिपमध्ये मात्र प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक पुरावा तयार होतो आणि जुना पुन्हा चालत नाही. हे तंत्रज्ञान १९९० च्या दशकापासून उपलब्ध होते, तरी अमेरिकेसारख्या प्रगत देशात ते दुकानांपर्यंत पोचायला २०१५ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कार्ड कंपन्यांनी नियम बदलला : नकली कार्डाचा व्यवहार झाला आणि दोघांपैकी ज्या पक्षाने चिपची सोय केलेली नसेल, मग ती बँक असो वा दुकानदार, नुकसान त्याने सोसायचे. त्यानंतर मात्र दुकानांतली यंत्रे भराभर बदलली गेली. तंत्रज्ञान तेच होते, धोकाही जुनाच होता, फक्त नुकसान कोणाच्या खात्यावर पडणार हे बदलले होते.

केंब्रिज विद्यापीठातील संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रॉस अँडरसन यांनी हीच गोष्ट एटीएमच्या बाबतीत दाखवून दिली होती. अमेरिकेत एखादा खातेदार "हे पैसे मी काढलेले नाहीत" म्हणाला, तर त्याचे म्हणणे खोटे असल्याचे बँकेला सिद्ध करावे लागे. ब्रिटन, नॉर्वे, नेदरलँड्स या देशांत उलट होते. तिथे खातेदाराने बँकेची चूक सिद्ध करायची असे आणि ते जवळजवळ अशक्य होते. परिणाम असा झाला की या देशांतल्या बँका निष्काळजी बनल्या आणि तिथे फसवणूक वाढली. अमेरिकी बँकांनी सुरक्षेवर त्या मानाने कमी खर्च केला, पण तो योग्य जागी केला, कारण पैसे त्यांचे जाणार होते. मला हे निरीक्षण या सगळ्या विषयाचे मूळ वाटते. ग्राहकाला "सावध राहा" असे सांगणारे संदेश पाठवायला बँकेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. संशयास्पद व्यवहार रोखणारी माणसे आणि यंत्रणा चोवीस तास ठेवायला येतो. पहिल्या गोष्टीने जबाबदारी झटकता येत असेल, तर दुसरी कोण करेल?

नियम कागदावर ग्राहकाच्या बाजूने असले तरी व्यवहारात काय घडते, हे मी स्वतः पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, पण मधल्या यंत्रणेत कुठेतरी माहिती फुटली, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य राहते. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकलेले आहे. असे असताना माझ्या कार्डावर परदेशातला एक अनोळखी व्यवहार झाला, तेव्हा बँकेने पाठवलेल्या अर्जात एक रकाना असा होता : "सदर व्यवहार आपण केलेला नसल्याचा पुरावा जोडावा." न केलेल्या गोष्टीचा पुरावा कोणता जोडायचा? मी त्या रकान्यात परिपत्रकातली तरतूद लिहून अर्ज परत पाठवला. त्यानंतर रक्कम जमा झाली, पण ज्याला ही तरतूद ठाऊक नाही तो त्या रकान्यापाशीच थांबत असेल, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्या अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याला नियम माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. कार्ड ब्लॉक करण्यासाठी मी ग्राहक सेवेचा क्रमांक फिरवला, तर आधी भाषा निवडायची, मग नवीन कर्जाच्या योजनेची जाहिरात ऐकायची, मग कार्डाचा सोळा आकडी क्रमांक दाबायचा आणि त्यानंतरच्या यादीत "कार्ड हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास" हा पर्याय अगदी शेवटी. ज्याचे पाकीटच चोरीला गेले आहे त्याने सोळा आकडे कुठून आणायचे? कार्ड देण्यासाठी बँकेचा माणूस घरापर्यंत येतो, पण तेच बंद करायचे म्हटले की ग्राहकाला ताटकळावे लागते. कार्ड बंद करण्यासाठी स्वतंत्र क्रमांक असावा, तो कार्डाशिवायही पाठ करता यावा इतका छोटा असावा, पलीकडे जाहिरात नसावी, आणि कळवल्याच्या वेळेची नोंद दाखवणारा संदेश त्याच क्षणी ग्राहकाला मिळावा. शेवटचा मुद्दा तांत्रिक वाटेल, पण कळवल्यानंतर झालेल्या व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे असते, ओटीपी ग्राहकाच्या चुकीने फुटलेला असला तरीसुद्धा. म्हणून वेळेच्या नोंदीला फार किंमत आहे.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो, ती सांगतो. बँका एकीकडे बजावतात की फोनवर कोणालाही वैयक्तिक माहिती देऊ नका, आणि दुसरीकडे स्वतःच अनोळखी क्रमांकावरून फोन करून म्हणतात, "पडताळणीसाठी आपली जन्मतारीख सांगा." फोन करणारी व्यक्ती खरोखर बँकेची आहे का, याची पडताळणी करण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाला दिलेला नसतो. मी एकदा तसे विचारले तेव्हा पलीकडची मुलगी गोंधळून गेली. तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्यापुढे जे लिहून ठेवले होते तेच ती वाचत होती. पण वर्षानुवर्षे असे फोन करून बँकांनीच ग्राहकांना एक वळण लावले आहे, आणि ठगाचा फोन हुबेहूब याच वळणाने येतो. विमा विकायला, कार्डाची मर्यादा वाढवायला, हप्ते पाडून द्यायला येणारे हे फोन बंद झाले, तर फसवणुकीचा एक मोठा मार्ग आपोआप अरुंद होईल. ज्या कामासाठी माहिती हवी असेल त्याची सूचना बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसावी आणि ग्राहकाने स्वतः कार्डामागच्या क्रमांकावर फोन करावा, एवढी साधी पद्धत का स्वीकारली जात नाही, याचे मला पटेल असे उत्तर कोणी दिलेले नाही. उत्तर बहुधा विक्रीच्या उद्दिष्टांत आहे.

ओटीपीच्या संदेशाचेही असेच आहे. काही बँकांच्या संदेशात सहा आकडे अगदी सुरुवातीला येतात, रक्कम आणि दुकानदाराचे नाव शेवटी येते, आणि फोनच्या बंद पडद्यावर फक्त पहिली ओळ दिसते. घाईत असलेला माणूस आकडे वाचतो आणि टाकतो. "पैसे जमा करण्यासाठी" म्हणून मागितलेला ओटीपी प्रत्यक्षात पैसे वळते करण्यासाठी आहे, हे त्याला त्या ओळीत दिसतच नाही. रक्कम आणि नाव आधी, आकडे नंतर, एवढा क्रम बदलला तरी कितीतरी लोक थबकतील. युरोपमध्ये २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत, ऑनलाइन व्यवहाराला दिलेली संमती त्या विशिष्ट रकमेशी आणि त्या विशिष्ट विक्रेत्याशी बांधलेली असावी, अशी अट आहे. रक्कम बदलली की संमती निरुपयोगी ठरते. एसएमएसवर येणारा आकडा मुळात कमकुवत, कारण सिमकार्डाची बनावट बदली करून घेणाऱ्याच्या हाती तो थेट पडतो आणि तिथे ग्राहकाच्या सावधपणाला कामच उरत नाही.

चांगले काही झालेच नाही असे मी म्हणणार नाही. भारतात २०२० साली नवीन कार्डांवर परदेशी, ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार आधी बंद ठेवावेत आणि ग्राहकाने मागितल्यावरच सुरू करावेत, असा नियम झाला. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा खरा क्रमांक साठवायला मनाई झाली आणि त्याऐवजी फक्त त्याच ठिकाणी चालणारा पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, वापरात आले. विक्रेत्याची यंत्रणा फुटली तरी चोराच्या हाती दुसरीकडे चालेल असे काही लागत नाही. या दोन्ही निर्णयांनी ग्राहकाला उपदेश केला नाही, यंत्रणा बदलली. मला हाच मार्ग खरा वाटतो. मात्र पहिल्या नियमाची हवी तितकी माहिती बँका देत नाहीत. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना अ‍ॅपमध्ये ही बटणे आहेत हेच ठाऊक नव्हते, कारण मुखपृष्ठावर कर्जाचे पर्याय ठळक असतात आणि ही बटणे तीन-चार पानांच्या आत दडलेली असतात.

क्रेडिट आणि डेबिट कार्डातला एक फरक मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. क्रेडिट कार्डावरचा वादग्रस्त व्यवहार म्हणजे बँकेने अजून वसूल न केलेले पैसे. डेबिट कार्डावरचा व्यवहार म्हणजे आपल्या खात्यातून निघून गेलेले पैसे. अमेरिकी कायद्यात हा फरक स्पष्ट दिसतो : क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, तर डेबिट कार्ड हरवल्याचे कळूनही दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले नाही, तर ती ५०० डॉलरपर्यंत जाते, आणि स्टेटमेंट मिळाल्यावर ६० दिवस गप्प राहिल्यास पुढच्या नुकसानीला मर्यादाच राहत नाही. ऑनलाइन खरेदीसाठी मी डेबिट कार्ड वापरत नाही, त्याचे कारण हेच. त्यासाठी क्रेडिट कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरण्याची शिस्त हवी, कारण किमान देय रकमेवर थांबणाऱ्याला व्याजातच इतके नुकसान होते की चोराची गरज राहत नाही.

शेवटचा मुद्दा आहे तो पैसे जिथे पोचतात त्या खात्याचा. फसवून घेतलेले पैसे कुठल्या तरी बँकेतल्या, कोणाच्या तरी नावाच्या खात्यात जातात आणि तिथून काही मिनिटांत पुढे वाटले जातात. ते खाते उघडणाऱ्या बँकेला आजवर कोणी फारसे विचारत नव्हते. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार, ग्राहकाने फसवणुकीला बळी पडून स्वतःच्या हाताने दुसऱ्या खात्यात पैसे पाठवले असले तरी, काही अपवाद वगळता, ८५ हजार पौंडांपर्यंतची रक्कम त्याला परत मिळते, आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या व पैसे स्वीकारणाऱ्या बँकांनी निम्मा-निम्मा उचलायचा असतो. ग्राहक बेफिकीर होतील, अशी भीती बँकांनी तिथे व्यक्त केली होती. पण फसवणुकीत अडकलेल्या माणसाने कोणत्या परिस्थितीतून वाट काढलेली असते, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला कोणी मुद्दाम त्या फेऱ्यात पडेल असे वाटणार नाही. पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर निम्मा भार टाकणारी ही तरतूद सर्वत्र यायला हवी, आणि ती येईपर्यंत आपण आपल्या लेखी तक्रारीत तो एक प्रश्न नेमाने विचारायला हवा : माझे पैसे ज्या खात्यात गेले, ते खाते कोणत्या बँकेत आहे, आणि माझी तक्रार मिळाल्यानंतर किती वाजता ते गोठवण्याची विनंती त्या बँकेला पाठवली गेली?