आवाज कोणता लावू, सर?

गाडीने नुसतं पोचवू नये, पळावं, अशी खाज ज्यांना आहे त्यांचे म्हणे वाईट दिवस आलेत. पेट्रोल इंजिनाचा निकाल लागलेला, उद्याची वेगवान गाडी बॅटरीवर. हरकत नाही, घाबरून जाऊ नका. या नव्या युगात हौशी चालकाने कसं राहावं, काय मागावं आणि मुख्य म्हणजे काय मागू नये, हे सांगायला मी बसलोय. परवाच एका शोरूममधून टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलोय, त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे.

तर पहिलं म्हणजे, टेस्ट ड्राइव्हला जाताना कान घरी ठेवून जा.

मी नेले होते. संध्याकाळचे सहा, पुण्याचा नगर रोड, पुढे पीएमपीची बस, मागे पीएमपीची बस. गाडी सव्वीस लाखांची, डिकीवर 'स्पोर्ट' लिहिलेलं. शेजारी बसलेल्या सेल्सच्या मुलाने बेल्ट लावायच्या आधी मधल्या स्क्रीनवर बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, आवाज कोणता लावू?" मला वाटलं गाण्यांबद्दल बोलतोय. म्हटलं, राहू दे, बंदच ठेव. "तसं नाही सर, इंजिनाचा." ज्या गाडीला इंजिनच नाही तिच्यात इंजिनाचे तीन आवाज होते. त्याने आपल्या आवडीने एक लावला आणि सिग्नलला ढिम्म उभ्या असलेल्या गाडीत, दारातल्या स्पीकरमधून, आठ सिलेंडर गुरगुरू लागले. शेजारच्या रिक्षाचा खराखुरा फटफटाट त्याच्या दुप्पट मोठा होता.

सिग्नल सुटला. पेडल दाबलं, गाडी झेपावली (झेपावते, ते नाकारत नाही) आणि लगेच बसचं ढुंगण समोर आलं. तेवढ्या अंतरात स्पीकरने दोन गिअर बदलले होते. गाडीला गिअर एकच.

मी विचारलं, ब्रेकचं पेडल आधी मऊ आणि मग एकदम कडक का लागतंय रे? "रीजनरेशन आहे सर." म्हणजे आधी मोटरच गाडी आवरते आणि बॅटरीत वीज भरते, खरे ब्रेक नंतर. बरं, वजन किती? तो ब्रोशर चाळू लागला. अँबियंट लाइटचे रंग किती ते सापडलं, स्पीकर किती ते सापडलं, वजन काही सापडेना. शेवटी म्हणाला, "वजनाचं कुणी विचारतच नाही सर."

पोरगा खरं बोलला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला महिन्याचं टार्गेट आहे. राग आहे तो हे उसनं अवसान विकायचं ज्याला सुचलं त्याच्यावर. अमेरिकेत डॉज कंपनीने २०२२ मध्ये 'चार्जर डेटोना' नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली, तिला १२६ डेसिबलचा 'एक्झॉस्ट' लावला. जळत काहीच नाही, पण एक्झॉस्ट आहे! मग २०२५ मध्ये यातल्या आठ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. का? तर बाहेर आवाज येत नव्हता म्हणून. पादचाऱ्याला चाहूल लागावी यासाठी हळू चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीने आवाज करायचा, असा तिथे कायदा आहे. गोंगाटासाठीच जन्माला घातलेली गाडी नेमकी त्या पेपरात नापास. आणि त्याच 'चार्जर' गाडीत कंपनीने सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिनही निमूटपणे बसवलं.

ह्युंदाईच्या आयॉनिक ५ एन मध्ये तर आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं पुरं सोंग आहे. गिअर बदलायचं स्टिअरिंगमागचं पॅडल ओढायला विसरलात तर गाडी रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, अडखळते, मुद्दाम. आवाजांमध्ये एक लढाऊ विमानासारखा आहे. तरी या गाडीला २०२४ चा वर्ल्ड परफॉर्मन्स कार हा मान मिळाला आणि तो उगाच नाही मिळाला. सोंगाच्या खाली त्यांनी चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर), ब्रेकवर, बॅटरी थंड ठेवण्यावर खरं काम केलंय. बाकीच्यांनी उचललं काय? सोंग. उपासाच्या बटाट्याला बोंबलाचा वास लावून ताटात वाढायचा, तसला प्रकार. आणि याचं खापर एकट्या बॅटरीवर फोडू नका. २०११ च्या एम५ मध्ये खरंखुरं आठ सिलेंडरचं व्ही-एट इंजिन असताना बीएमडब्ल्यूने त्याचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडला होता. फसवायची सवय जुनी आहे, विजेने फक्त सोय करून दिली.

असो. दुसरं: चार्जर लावण्यासाठी सोसायटीच्या कमिटीकडून एनओसी घ्या. ती येईपर्यंत हा लेख सावकाश वाचता येईल.

तिसरं, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा तोंडपाठ ठेवा. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभर, घाटात साठ, वर कॅमेरे बसलेत. म्हणजे साडेतीन सेकंदांत हौस फिटते आणि उरलेला रस्ता भजन ऐकत काढता येतो.

चौथं, पेट्रोलचीच गाडी ठेवणार असाल तर ऊसवाल्या पाहुण्यांशी गोडीने राहा. टाकीतला पाचवा हिस्सा आता इथेनॉलचा आहे आणि त्यातलं काही त्यांच्या उसाचं.

पाचवं. गाडीची ताकद विकत घ्यायची बुरसटलेली पद्धत सोडा, भाड्याने घ्यायला शिका. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ही सोय काढली: वर्षाला १,२०० डॉलर भरा, गाडी जास्त जोरात पळेल. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ च्या काही मॉडेलसाठी महिन्याचा दर लावला, साडेसोळा पौंड. भरलेत तर २२८ हॉर्सपॉवर, नाहीतर २०१ वर समाधान माना. मोटर तीच, बॅटरी तीच, तारा त्याच. तुम्ही पैसे मोजून घरी आणलेल्या लोखंडाला त्यांनी कुलूप घातलंय आणि किल्लीचं भाडं तुम्ही भरायचं.

चीनमध्ये शाओमीने तर याच्याही पुढची पायरी गाठली. एसयू७ अल्ट्रा, पंधराशेहून जास्त हॉर्सपॉवर, लोकांनी त्या आकड्यासाठीच घेतली. मे २०२५ मध्ये एक सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि ताकद नऊशेच्या आसपास उतरली. सगळी हवी? मग आधी मान्यताप्राप्त ट्रॅकवर ठरलेल्या वेळेत फेरी मारून दाखवा! ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर ते अपडेट मागे घेतलं. याच गाडीला ४२,००० युआन जादा देऊन कार्बन फायबरचं बॉनेट मिळायचं, त्याला हवेसाठी दोन भोकं. ती भोकं बहुतांशी दिखाऊ आहेत हे मालकांनी स्वतः उघडून बघितल्यावर कळलं. नाक आहे, श्वास नाही. सुरक्षेसाठी ताकद आवरायची होती तर विकायच्या आधी आवरा ना. पंधराशेचा आकडा जाहिरातीत, नऊशे गाडीत, आणि मधल्या सहाशेंसाठी माणसाने परीक्षेला बसायचं? आपल्याकडे अजून हे आलेलं नाही म्हणून हसू नका. येईल. ईएमआय वेगळा, विमा वेगळा, फास्टॅग वेगळा आणि हॉर्सपॉवरचा रिचार्ज वेगळा. रिचार्ज संपल्याचा मेसेज ट्रकला ओव्हरटेक करताना येईल, बघा.

सहावं, वजनाचं विचारू नका. सांगितलं ना, कुणी विचारत नाही. नवी बीएमडब्ल्यू एम५ हायब्रिड आहे, म्हणजे इंजिनही आणि बॅटरीही, २,४३५ किलो. आधीची दोन टनांच्या आत होती. मर्सिडीजने सी ६३ मधलं चार लिटरचं व्ही-एट काढून दोन लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन आणि जोडीला मोटर-बॅटरी बसवली. ६८० हॉर्सपॉवर, वजन २,१०० किलोंच्या वर, २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत १ कोटी ९५ लाख. आणि नुसत्या बॅटरीवर किती जाते? कंपनीच्याच आकड्याने तेरा किलोमीटर. हिंजवडीहून निघालात तर स्वारगेट यायच्या आत संपली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. वजन वाढलं की टायर रुंद, टायर रुंद की ब्रेक मोठे, ब्रेक मोठे की सस्पेन्शन कडक, आणि त्या कडक सस्पेन्शनवरून तुम्ही आपल्या खड्ड्यांत उतरणार. मग मणक्याचा डॉक्टर.

सातवं... जाऊ दे. हे सल्ला देण्याचं नाटक माझ्याच्याने आता होत नाही.

विजेने आपली हौस मारली म्हणून जो तो गळा काढतोय. खोटं आहे. रांजणगावात बनणारी १४५ हॉर्सपॉवरची फियाटची अबार्थ पुंटो आठवते? गेली. टाटाची टियागो जेटीपी, ११४ हॉर्सपॉवर, साडेसहा लाखांच्या आत, २०१८ मध्ये आली आणि २०२० मध्ये बंद. चाकणची फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये थांबली. शेंद्र्याची स्कोडा ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये उत्सर्जनाच्या नव्या नियमांपाशी अडली. यातल्या कुठल्या गाडीला बॅटरीने मारलं? इंजिनबंदीची तारीख तर आपल्या देशात ठरलेलीच नाही. युरोपने २०३५ ठरवली होती, तिथेही शंभर टक्के उत्सर्जन-कपातीची अट नव्वदवर आणावी असं त्यांच्याच आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये सुचवलं.

मग मारलं कुणी? आपण. "ॲव्हरेज किती देते?" विचारून विचारून मारलं. साडेसहा लाखांत खरी गंमत शोरूममध्ये उभी होती तेव्हा आपण सनरूफवाली उंच गाडी घेतली, कारण शेजाऱ्याने घेतली होती. आता तीच गंमत बाहेरून जहाजाने येते, पन्नास लाखांना. २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली, देशभरासाठी अवघ्या शंभर, त्या लाँचच्या आधीच संपल्या. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, पहिल्या खेपेत दीडशे. ज्यांना मिळाली त्यांचं भलं होवो. बाकीचे मोबाइलवर एक्झॉस्टचे व्हिडिओ बघतात आणि "इलेक्ट्रिकमध्ये आत्मा नाही हो" असं लिहितात. तुमच्या दारातल्या सीव्हीटीमध्ये, त्या बिनटप्प्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, कुठला आत्मा होता? टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर एकदा तरी वजन विचारलंत? स्टिअरिंगबद्दल, ब्रेकबद्दल एक प्रश्न? तुम्ही टचस्क्रीनचे इंच मोजलेत, त्यांनी इंच वाढवून दिले.

आणि कंपनीवाल्यांनो, तुम्हाला हे जमत नाही असं अजिबात नाही. फ्रान्समध्ये अल्पाइनने ए२९० काढली, पूर्ण इलेक्ट्रिक, २२० हॉर्सपॉवरपर्यंत, वजन १,४७९ किलो. म्हणजे होतं. तुम्हाला करायचं नाही. हलकी गाडी करायला अक्कल आणि पैसा लागतो, स्पीकर मात्र कुणीही पुरवतं. बॅटरी लहान चालेल, ताम्हिणी घाट चढून-उतरून घरी येण्याइतकी असली की पुरे. ब्रेकचं पेडल नीट करा. समोरच्या चाकांखाली काय चाललंय ते स्टिअरिंगमधून हाताला कळू द्या. विकलेली ताकद कुलपात ठेवू नका. ब्रोशरवर वजन छापा, पहिल्या पानावर. एवढं होत नसेल तर डिकीवरचं 'स्पोर्ट' तेवढं खरवडून टाका.