मार्शमेलोची गोष्ट मी पण सांगायचे

टीचर ट्रेनिंगला गेले की मार्शमेलोची गोष्ट माझी ठरलेली असायची. चार-पाच वर्षांच्या पोरासमोर एक मार्शमेलो (मऊ, गोड खाऊ) ठेवायचा, आत्ता खाल्ला नाहीस तर दोन देईन म्हणायचं आणि खोलीतून निघून जायचं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग. जी थांबली ती पुढे अभ्यासात बरी निघाली, म्हणजे बघा, सगळा खेळ संयमाचा! शिक्षक खूश, मीही खूश, कारण यात शाळेला काहीच बदलावं लागत नाही ना.

मूळ प्रयोगातली मुलं विद्यापीठाच्याच कॅम्पसवरच्या नर्सरीतली होती, हे मात्र मी कधी सांगितलं नाही (मलाच उशिरा कळलं). २०१८ मधे ९०० च्या वर मुलांची माहिती घेऊन हे परत तपासलं, तर घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध पार फिका पडला. त्याहून मला हलवून सोडलं ते २०१३ च्या एका छोट्या प्रयोगाने, फक्त २८ मुलं. अर्ध्या मुलांना मोठ्या माणसाने आधी एक शब्द देऊन तो मोडला होता, ती सरासरी तीन मिनिटं थांबली, आणि ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला होता ती बारा. म्हणजे ज्याला कबूल केलेलं कधी हातात पडतच नाही त्याने समोरचं उचलून खाल्लं तर तो उतावळा कसा, हुशारच म्हणायचा की!

आणि हे आजचं नाही हो. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मधे पॅरिसमधे बुद्धीची चाचणी काढली ती कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे कळावं म्हणून, बुद्धी कायमची ठरलेली असते हे त्याला स्वतःलाच मान्य नव्हतं. अमेरिकेत पोचल्यावर तिचंच शिक्का मारायचं यंत्र झालं. कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना आयक्यूच्या आकड्यावर 'मतिमंद' वर्गात टाकत होते, शेवटी १९७९ मधे कोर्टाला ते थांबवावं लागलं.

क्रिटिकल सायकॉलॉजी (मानसशास्त्रालाच उलट प्रश्न विचारणारी शाखा) वाचताना मला मिळालं ते एवढंच, की मुलाला मापायच्या आधी मोजपट्टी कोणी बनवली ते विचार. (ग्रिटवाल्यांनी, म्हणजे यश चिकाटीवरच ठरतं म्हणणाऱ्यांनी, तुटून पडू नका, चिकाटी वाईट असं मी म्हटलेलं नाही.)

हल्ली 'एकाग्रता कमी' लिहायच्या आधी मी विचारते, सकाळी काही खाल्लंस का, वर्गातली भाषा कळते का, घरी बसायला जागा आहे का. रिपोर्टच्या फॉर्ममधे यासाठी रकानाच नाहीये, मी मार्जिनमधे लिहिते आणि वरून फोन येतो की मॅडम फॉर्म नीट भरा.